सदक्याच्या योजना, फर्जाचा कायदा

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले. शंकरराव चव्हाण दोनदा, शिवाजीराव पाटील निलंगेकर एकदा, विलासराव देशमुख दोनदा आणि मग पुन्हा नांदेडचेच अशोक चव्हाण. चाकूरचे शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष झाले, देशाचे गृहमंत्रीही झाले. सत्तेशी सोयरीक असल्याने गरिबी हटत असती, तर देगलूर नाक्यावरच्या आणि गंजगोलाईच्या मागच्या गल्ल्यांत आज संगमरवर बसवलेला दिसला असता. तिथे काय दिसते ते वाचकांना सांगायला नको. उघड्या गटारी, वाकलेला विजेचा खांब आणि नळाला पाणी कधी येणार याची खात्री नसल्याने दारात मांडून ठेवलेले निळे पिंप.

या नेत्यांनी काहीच केले नाही, असे मला म्हणायचे नाही. धरणे झाली, महाविद्यालये झाली, १९९४ साली नांदेडला विद्यापीठही झाले. माझे म्हणणे निराळे आहे. आपल्याकडे विषमता कमी करणे ही नेत्याची मर्जी समजली जाते, संस्थेचे कर्तव्य समजले जात नाही. मर्जी बसली की रस्ता होतो, मर्जी फिरली की रस्ता वळतो. आमच्या मोहल्ल्यांनी मर्जी राखण्यात पन्नास वर्षे घालवली. आता आपण मागायला हवा तो एक कायदा: महापालिका, जिल्हा परिषद, जिल्हा नियोजन समिती, सरकारी रुग्णालय, शिक्षण खाते अशा प्रत्येक सार्वजनिक संस्थेवर सामाजिक आणि आर्थिक विषमता कमी करण्याचे बंधन घालणारा आणि ते पाळले नाही तर जाब विचारण्याची सोय असलेला कायदा.

ही मागणी हवेतून आलेली नाही. राज्यघटनेत ती बसलेलीच आहे. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ३८ ला दुसरे उपकलम जोडले गेले. राज्याने उत्पन्नातील विषमता कमीत कमी करण्याचा प्रयत्न करावा, दर्जा, सुविधा आणि संधी यांतील विषमता नाहीशी करण्यासाठी झटावे, असे ते सांगते. शिवाय ही विषमता केवळ माणसामाणसांतली नव्हे, तर वेगवेगळ्या भागांत राहणाऱ्या आणि वेगवेगळे व्यवसाय करणाऱ्या जनसमूहांमधलीसुद्धा, असेही त्यात आहे. वेगवेगळ्या भागांत राहणारे आणि वेगवेगळे व्यवसाय करणारे! बागवान, पिंजारी, कुरेशी, मणियार, छप्परबंद यांचे वर्णन याहून नेमके कोण करील? पण याच घटनेचे कलम ३७ सांगते की ही तत्त्वे न्यायालयाकडून अंमलात आणून घेता येणार नाहीत. म्हणजे दस्तरखान पसरला आहे, पदार्थांची नावेही लिहिली आहेत, फक्त वाढण्याची सक्ती कोणावर नाही.

मराठवाड्याला ही उपासमार नवीन नाही. १९५३ च्या नागपूर कराराने आश्वासन दिले. १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३७१ (२) आले. त्यात विकास मंडळे, निधीचे न्याय्य वाटप, तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी आणि सरकारी नोकऱ्यांत पुरेशी संधी यांसाठी राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवण्याची तरतूद होती. मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ साली. अडतीस वर्षे घटनेतले कलम फाइलीत झोपून होते. दरम्यान १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी. दहा वर्षांनंतरची परिस्थिती निर्देशांक व अनुशेष समितीने मोजली तेव्हा राज्याचा आकडा सुमारे १४,००७ कोटींवर गेला होता आणि मराठवाड्याचा सुमारे ४,००५ कोटींवर. मोजण्याची क्षेत्रे आणि किमती बदलल्या होत्या हे मान्य. पण अनुशेष मोजल्याने भरून निघत नाही एवढे तरी त्यातून कळावे. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि ती वाढवली गेली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा स्थापण्याचा निर्णय घेतला तो आधीची अडीच वर्षे वाया गेल्यावर. जी जबाबदारी मुदतीवर चालते आणि मुदत संपली की संपते, तिला कर्तव्य म्हणत नाहीत, भाडेकरार म्हणतात.

अनुशेषाच्या या साऱ्या चर्चेत आणखी एक खोट आहे आणि तिच्याविषयी मराठवाड्याचे विचारवंतही फारसे बोलत नाहीत. हा हिशेब जिल्ह्याचा होता. जिल्ह्यात किती किलोमीटर रस्ता, किती हेक्टर सिंचन, दवाखान्यात किती खाटा. पुढे केळकर समितीने २०१३ च्या अहवालात तालुक्यापर्यंत खाली उतरण्याची दिशा दाखवली. पण तालुक्याच्या आत कोण? उदगीर तालुक्याची सरासरी काढली की त्यात साखर कारखान्याचा सभासद आणि त्याच्या शेतावर ऊस तोडणारा दोघेही एकाच आकड्यात मिसळून जातात. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत दर सात माणसांत साधारण एक मुसलमान आहे. तो बहुतेक शहरात आणि तालुक्याच्या गावी राहतो, हातगाडीवर, गॅरेजात, बांधकामावर, हमालीत पोट भरतो. त्याच्याकडे जमीन कमी, म्हणून सिंचनाचा अनुशेष भरला तरी त्याच्या दारी पाट येत नाही. मराठवाड्यावर अन्याय झाला ही ओरड खरीच होती. पण त्या ओरडीने आणलेला पैसा मराठवाड्याच्या आत कुठे मुरला, हे विचारायचे बंधन कोणावरच नव्हते.

अल्पसंख्याकांसाठीच्या योजनांनीही तीच चूक केली. सच्चर समितीचा अहवाल २००६ च्या नोव्हेंबरात आला आणि त्यानंतर केंद्राने देशातले नव्वद अल्पसंख्याकबहुल जिल्हे निवडले. महाराष्ट्रातून परभणी, हिंगोली, वाशीम आणि बुलढाणा यांची नावे लागली. नांदेड आणि लातूर यादीत नव्हते. हिंगोलीच्या वेशीवर योजना होती, ती ओलांडली की नव्हती. गरिबीला जिल्ह्याची हद्द कळत नाही, ती फक्त मंत्रालयाला कळते.

आणि योजना ही चीजच मुळात बेभरवशाची. सच्चरनंतर पहिली ते दहावीच्या मुलांना शिष्यवृत्ती सुरू झाली. रक्कम मोठी नव्हती. पण त्या पैशात वह्या येत, गणवेश येई, आणि अर्ज भरायला म्हणून का होईना, आई शाळेत येई. २०२२ च्या नोव्हेंबरात केंद्राने सूचना काढली की पहिली ते आठवीला ती मिळणार नाही, कारण त्या इयत्तांना मोफत शिक्षणाचा हक्क आहेच. अर्ज भरून झाले होते! त्याच वर्षी संशोधक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिप बंद झाली. २०२४ च्या फेब्रुवारीत मौलाना आझाद शिक्षण प्रतिष्ठानच गुंडाळायचा आदेश निघाला. कोणाला विचारले? कोणावर काय परिणाम होईल याचा कागद कुठे तयार झाला? झाला नाही, कारण तो तयार करण्याची सक्ती कोणावर नव्हती. योजना परिपत्रकाने येते आणि परिपत्रकानेच जाते.

याच्या उलट कायद्याचे एक उदाहरण महाराष्ट्रातलेच घ्या. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांसाठी २५ टक्के जागा ठेवल्या आहेत. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलले: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या बंधनातून सूट. शहरात एक किलोमीटरच्या आत अशी शाळा नाही, असे ठिकाण किती सापडणार? म्हणजे दार बंदच. पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या. मे महिन्यात स्थगिती मिळाली आणि १९ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्दच केला. शिष्यवृत्ती गेली तेव्हा आपण निवेदने दिली, निदर्शने केली. २५ टक्क्यांवर घाला आला तेव्हा न्यायालयाने सरकारचा हात धरला. तेच सरकारी तंत्र, तीच गरीब मुले. पहिल्या वेळी हातात योजना होती, दुसऱ्या वेळी कायदा होता.

आपल्या वाचकांना हा भेद समजावून सांगण्याची गरज पडू नये. सदका आणि जकात यांतला फरक घरातल्या लहान मुलालाही माहीत असतो. सदका मनाचा, दिला तर सवाब, नाही दिला तर कोणी वसुलीला येत नाही. जकात फर्ज आहे. निसाबाची मर्यादा ठरलेली, अडीच टक्के हे प्रमाण ठरलेले, घेणारे कोण तेही ठरलेले. आणि घेणाऱ्याने देणाऱ्याचे उपकार मानायचे नसतात, कारण ज्याचे होते त्याच्याकडे ते पोहोचले. सरकारच्या योजना म्हणजे सदका. फोटो काढून, फलक लावून, हार घालून घेऊन दिलेला. आपण नागरिक म्हणून शासनाकडे सदका का मागत बसलो आहोत?

जो कायदा आज आहे तो ओझे कोणाच्या डोक्यावर ठेवतो ते पाहण्यासारखे आहे. मंडल आयोगानंतर मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी राहिली, जालन्याच्या शब्बीर अन्सारींसारख्या कार्यकर्त्यांनी ती महाराष्ट्रभर नेली आणि पिंजारी, बागवान, अत्तार, तांबोळी यांना सवलती मिळू लागल्या. कागदावर. प्रत्यक्षात ओबीसीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि जातीच्या दाखल्यांविषयीच्या राज्याच्या कायद्याचे आठवे कलम म्हणते की सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. आता १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. शाळा उर्दू, दफ्तर उर्दू. आजोबा शाळेत गेलेच असतील तर नोंदवहीत जातीच्या रकान्यात 'मुसलमान' एवढेच लिहिलेले. आमच्या गल्लीतल्या एका पिंजारी मुलीसाठी तिच्या वडिलांबरोबर मी एका कार्यालयात चार खेपा घातल्या. बारावीला उत्तम गुण, प्रवेशाची तारीख डोक्यावर. शेवटी जमिनीचा एक जुना कागद सापडला, त्यावर आजोबांच्या नावापुढे पिंजारी असे स्वच्छ लिहिलेले होते. कारकुनाने कागद उलटासुलटा करून पाहिला.

"चाचा, हे उर्दूत आहे. मराठीत आणा."

"साहेब, त्या काळी इथं सगळंच उर्दूत होतं."

"ते मला माहीत आहे. पण आमच्याकडे वाचणारा माणूस नाही."

तो कारकून वाईट नव्हता. त्याने आम्हाला बसायला खुर्ची दिली होती. वाचणारा माणूस नेमण्याचे बंधन त्याच्या कार्यालयावर नव्हते, एवढीच गोष्ट होती.

पुढे २०२३ साली मराठा आरक्षणाचे आंदोलन पेटले तेव्हा सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी निजामकाळची कागदपत्रे उघडली गेली, उर्दू, फारसी आणि मोडी वाचणारे शोधले गेले, पथके हैदराबादेत गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे शासन निर्णयही निघाला. गरीब मराठा शेतकऱ्याच्या मुलाला त्याच्या आजोबांचा कागद सरकारने शोधून दिला याचे मला वाईट वाटत नाही. चांगलेच झाले. सरकारला उर्दू वाचता येते, हे त्यातून सिद्ध झाले. प्रश्न उरतो तो इतकाच, की लाखोंचे मोर्चे काढू शकत नाहीत अशा पिंजाऱ्याचा, छप्परबंदाचा, मसणजोग्याचा कागद कोण वाचणार? कायदेशीर कर्तव्य असते तर कार्यालयाला आधीच विचारावे लागले असते: आमच्या कामाच्या पद्धतीमुळे कोण बाहेर राहतो आहे?

"हे सगळे पुस्तकी आहे, कायद्यांनी काय होते?" असे विचारणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. त्यांना मराठवाड्याच्याच दोन गोष्टी सांगतो.

पहिली रोजगार हमीची. बहात्तरच्या दुष्काळात या भागाने खडी फोडली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या योजनेचा १९७७ साली कायदा झाला आणि मजूर तहसीलला जाऊन "साहेब, काम द्या" म्हणण्याऐवजी नमुना चार भरून देऊ लागला. पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. भत्ता फारसा कोणाला मिळाला नाही, हजेरीपटावर मेलेली माणसेही राबली, हे सारे खरे. पण तहसीलदाराला कामाची यादी तयार ठेवावी लागली. २००५ साली केंद्रानेही रोजगार हमीचा कायदा केला तो महाराष्ट्राच्या या अनुभवाच्या बळावर.

दुसरी पाण्याची. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात खोऱ्यातल्या धरणांनी टंचाई समन्यायाने वाटून घ्यावी अशी तरतूद आहे. नाशिक-नगरची धरणे भरलेली आणि पैठणचे जायकवाडी कोरडे, हे वर्षानुवर्षे चालले होते. प्राधिकरणाने २०१४ साली आदेश दिला, जायकवाडीत ६५ टक्क्यांचा निकष ठरला, उच्च न्यायालयाने २०१६ साली तो उचलून धरला. २०१५, २०१८ आणि २०२३ साली वरून पाणी सोडावे लागले. दर वेळी आंदोलने झाली, दर वेळी कोर्टकज्जे झाले, दर वेळी पाणी आले. वरच्या भागातला कोणताही नेता मराठवाड्याच्या प्रेमात पडला म्हणून ते आले नाही.

आता याच्या शेजारी लातूरचा २०१६ चा उन्हाळा ठेवा. मांजरा धरण आटले. मार्च महिन्यात पाणी भरण्याच्या जागांवर जिल्हा प्रशासनाने जमावबंदी लावली. घागर घेऊन उभे राहणे हा गुन्हा ठरू शकला असता! १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेने पहिले पाच लाख लिटर पाणी आले, देशभर छायाचित्रे छापली गेली. मिरजकरांचे आणि रेल्वेचे उपकार लातूर विसरणार नाही. पण आधीची कित्येक वर्षे त्याच खोऱ्यात ऊस वाढत होता, कारखाने वाढत होते. उसाला पाणी देताना शहराच्या पिण्याचे काय आणि शहरातल्या ज्या घरांत विंधन विहीर नाही त्यांचे काय, याचा लेखी विचार कोणत्या कार्यालयाने केला? विकतचा टँकर ज्याला परवडला त्याने पाणी विकत घेतले. ज्याला परवडला नाही, त्याच्यासाठी जमावबंदी होती.

नांदेडचे दुःख ताजे आहे. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत विष्णुपुरीच्या शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा नवजात बाळे होती. लांबलांबून, शेवटच्या अवस्थेत रुग्ण येतात, असा खुलासा झाला. तो खोटा नसेलही. पण लांबून का येतात? वाटेतली ग्रामीण रुग्णालये आणि उपजिल्हा रुग्णालये रिकामी का? बाळंतपणाच्या कळा घेत हिंगोलीहून, किनवटहून नांदेडला येणारी बाई कोण असते? खासगी दवाखान्याचे बिल भरू शकणारी नक्कीच नसते. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्याआधी एका खासदारांनी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले, तेही कॅमेऱ्यासमोर. उत्तरदायित्वाची आपल्या लोकशाहीतली कल्पना इथवर पोहोचली आहे: बारा बाळांच्या मृत्यूचा जाब म्हणून एका डॉक्टरच्या हातात झाडू. त्या खासदारांना विधिमंडळात असा कायदा मागायला सांगता आला असता की प्रत्येक सरकारी रुग्णालयाने दर महिन्याला मंजूर पदे, रिकामी पदे, औषधांचा आलेला आणि खर्चलेला पैसा दारावर लावावा. झाडूला कॅमेरा लागतो. असा फलक रोज न बोलावता बोलत राहतो.

सीमेपलीकडे पाहायचे तर उदगीरहून बिदर हाकेच्या अंतरावर आहे. मराठवाडा आणि कलबुर्गी-बिदर हे एकाच निजामी राज्यातले भाऊ. २०१२ च्या अठ्ठ्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने त्या भागाला कलम ३७१ (ञ) मिळाले: विकास मंडळ, वर्षाला विधानसभेपुढे अहवाल आणि त्याखेरीज शिक्षणात व नोकऱ्यांत स्थानिकांना राखीव जागा. आपल्या ३७१ (२) मध्ये नोकरीत 'पुरेशी संधी' आहे. त्यांच्याकडे जागाच राखीव आहेत. संधी कोणी दिली नाही तर कोणावर दावा लावणार? जागा दिली नाही तर कुणावर लावायचा ते माहीत असते.

ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्याचे पहिलेच कलम असे आहे की सार्वजनिक संस्थांनी मोठे निर्णय घेताना सामाजिक-आर्थिक विषमतेतून निर्माण होणारा फरक कमी करण्याचा यथोचित विचार करावा. कायदा झाला आणि त्याच वर्षी आलेल्या नव्या सरकारच्या मंत्री थेरेसा मे यांनी नोव्हेंबरात हे कलम इंग्लंडमध्ये लागू करणार नाही असे जाहीर केले. स्कॉटलंडने ते २०१८ मध्ये आणि वेल्सने २०२१ मध्ये आपल्याकडे लागू केले. मजूर पक्षाने २०२४ च्या जाहीरनाम्यात पुन्हा वचन दिले. साहेबाने केले म्हणून आपण करावे असे मला म्हणायचे नाही. उलट त्यांच्या कलमातला 'विचार करावा' हा शब्द आपल्याला पुरणारा नाही. आपल्या कचेरीतला बाबू 'विचार केला' असा शिक्का बनवून घेईल आणि प्रत्येक फाइलीवर मारील. आपल्याला हवे ते असे की संस्थेने आधी मोजावे, तेही प्रभाग आणि मोहल्ला यांच्या पातळीवर, मोजलेले छापावे, किती वर्षांत किती अंतर कमी करणार ते अंदाजपत्रकाबरोबर मांडावे, वर्षअखेर सभागृहात हिशेब द्यावा. न दिल्यास माहिती अधिकाराच्या कायद्यात दिवसाला २५० रुपये दंड संबंधित अधिकाऱ्याच्या खिशातून जातो, तसा काही दंश असावा. दंश नसलेला कायदा म्हणजे बिनकाटेरी बाभळ. बकरीही विचारत नाही.

पैसा नाही, हे उत्तर ठरलेले असते. मध्य प्रदेशातल्या रतलाम नगरपालिकेनेही ते दिले होते. १९८० साली न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ते ऐकून घेतले नाही; गटार बांधणे हे कर्तव्य असेल तर तिजोरी रिकामी असल्याची सबब चालणार नाही असा निकाल दिला. आपल्या महापालिका कायद्यात कलम ६३ खाली बंधनकारक कर्तव्यांची यादी आहेच: पाणी, गटारे, दिवाबत्ती, सफाई. ती कोणत्या वस्तीला आधी आणि कोणाला शेवटी, यावर मात्र कायदा मूक आहे. नगरसेवकाचे वजन बोलते. गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त २००८ साली नांदेडमध्ये मोठा निधी आला, रस्ते रुंद झाले, शहर ओळखू येईनासे झाले. गुरुद्वाराच्या भाविकांसाठी झाले ते उत्तमच झाले. त्या वेळी असा नियम असता की एवढ्या निधीतला ठरावीक हिस्सा सर्वांत मागे असलेल्या प्रभागांत गेला पाहिजे, तर इतवाऱ्याच्या आणि पीरबुऱ्हाणनगरच्या गटारींनीही त्रिशताब्दी साजरी केली असती.

आपल्या काही पुढाऱ्यांचा या मागणीवर आक्षेप आहे. त्यात मुसलमानांचे नाव नाही, मग आपल्या काय कामाची? मला वाटते नाव नसणे हेच तिचे बळ आहे. २०१३ साली महमूद-उर-रहमान समितीने राज्यातल्या मुसलमानांची अवस्था मांडली. जुलै २०१४ मध्ये अध्यादेशाने पाच टक्के आरक्षण आले. उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतले थांबवले, पण शिक्षणातले चालू राहू दिले, आणि तरी नव्या सरकारने अध्यादेशाचा कायदा केला नाही. डिसेंबरात तो विरून गेला. ती लढाई लढायची नाही असे नाही. पण दर वेळी 'धर्माच्या नावावर' ही ढाल पुढे येते आणि आपला मुद्दा तिच्यावर आपटून पडतो. सच्चर समितीने सुचवलेला समान संधी आयोगही असाच गेला. माधव मेनन यांच्या तज्ज्ञगटाने २००८ साली सर्व वंचितांसाठी त्याचा आराखडा दिला होता. २०१४ च्या निवडणुकीच्या तोंडावर मंत्रिमंडळाने तो फक्त अल्पसंख्याकांपुरता करून मंजूर केला, म्हणजे एकटा पाडून मंजूर केला. कायदा झाला नाही. अंतर मोजणाऱ्या कायद्याला धर्म विचारावा लागत नाही. प्रभागवार आकडे एकदा छापले गेले की कोणता मोहल्ला कुठे आहे ते शहराला न सांगता कळेल, आणि त्याच रांगेत बौद्धवाडा असेल, वडारवाडा असेल, ऊसतोडीवरून परतलेल्यांची पालेही असतील. त्यांना सोडून आपण एकट्याने काही मिळवू, या भ्रमात राहण्याइतके आपण आता तरुण नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. आकडे मागण्यासाठी त्याची वाट पाहायला नको. नांदेड-वाघाळा आणि लातूर या दोन्ही महापालिकांकडे प्रत्येक मोहल्ल्यातून एक अर्ज जावा: मागील तीन वर्षांत पाणी, गटारे आणि दिवाबत्ती यांवर प्रभागनिहाय खर्च किती. दोन्ही जिल्हा परिषदांकडे दुसरा: उर्दू माध्यमाच्या शाळांत तालुकानिहाय मंजूर शिक्षक किती, कार्यरत किती. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयाकडे तिसरा: औषधांसाठी वर्षभरात आलेली आणि खर्च झालेली रक्कम, महिन्यानुसार. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून अर्ज वेगवेगळे करावेत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालच्याला तोही नाही. उत्तराला तीस दिवस असतात आणि नवे अंदाजपत्रक एप्रिलपासून लागू होते. तेव्हा अर्ज जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गेलेले बरे.